प्रशासकीय मान्यता ते निविदा : खान्देशातल्या सरकारी इमारतीचं संकल्पन पक्कं कसं करायचं

अंदाजपत्रकात लिहिलं होतं, दीड मीटरला मुरूम. ठेकेदाराने पहिला खड्डा दीड मीटर नेला, काळी माती. दोन मीटर, तरी काळीच. दोन मीटर सत्तरला कुठे पिवळसर मुरूम हाताला लागला. इमारत प्राथमिक आरोग्य केंद्राची, चोवीस कॉलमची, तशी लहानच. खड्डा २.४ बाय २.४ मीटरचा. दीड मीटर खोलीला चोवीस खड्ड्यांची खोदाई २०७ घनमीटर होते, २.७ मीटरला ३७३. एकाच बाबीत ८० टक्के वाढ. शिवाय जमिनीखालचा कॉलम लांबला म्हणून काँक्रीट आणि सळई वाढली, भराव वाढला, निघालेली काळी माती उचलून बाहेर टाकायचा खर्च वाढला.

बी-१ नमुन्याच्या निविदेत कलम ३८ असतं. बाबीचं परिमाण निविदेतल्यापेक्षा २५ टक्क्यांहून पुढे गेलं की त्या वाढीव भागाचा दर हा वेगळा प्रश्न होतो. त्याचा कागद उपविभागातून विभागात आणि विभागातून मंडळात गेला. तेवढ्यात पाऊस लागला, खड्डे पाण्याने भरले, कडा ढासळल्या. आरोग्य केंद्र गावाला ठरल्या वेळेच्या दीड वर्ष उशिरा मिळालं. तोवर बाळंतपणाच्या बाया तीस किलोमीटरवर जात राहिल्या. निविदेआधी एक जेसीबी अर्धा दिवस लावून तीन खड्डे घेतले असते तर यातलं काहीच झालं नसतं.

मी पंचवीसेक वर्षं धुळे, जळगाव, नंदुरबार भागात सरकारी इमारतींची संकल्पनं आणि देखरेख करतो आहे. माझ्या पाहण्यात बांधकामावरची निम्मी भांडणं बांधकामात जन्मलेली नसतात. ती त्याआधीच्या टप्प्यात, प्राथमिक आराखडा मंजूर झाल्यापासून निविदा निघेपर्यंतच्या काळात जन्मतात. या काळाला ‘संकल्पन विकास’ म्हणतात. कार्यालयात कोणी हा शब्द वापरत नाही, ‘डिझाइन चालू आहे’ एवढंच म्हणतात, आणि मार्च जवळ आला की ते पंधरा दिवसांत उरकतात. नव्याने रुजू झालेले शाखा अभियंते, पॅनेलवरचे आर्किटेक्ट आणि ज्यांच्या गावात इमारत येणार आहे ते सरपंच, सदस्य अशा सगळ्यांसाठी हा टप्पा इथे पायरीपायरीने मांडतो. उदाहरण आरोग्य केंद्राचंच ठेवतो. शाळा, ग्रामपंचायत, वसतिगृह यांना तपशील बदलून हेच लागू पडतं.

हा टप्पा नेमका कुठे बसतो

क्रम असा असतो. ढोबळ अंदाजावर प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे काम करायचं आणि साधारण एवढ्या पैशांत करायचं हे ठरतं. मग सविस्तर नकाशे, संकल्पन आणि सविस्तर अंदाजपत्रक तयार होतं. त्यावर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १३६ तर सरळ सांगतो की योग्य तपशिलाचं संकल्पन मंजूर झाल्याशिवाय काम सुरू करू नये. राज्याची आणि जिल्हा परिषदेची पद्धत आपापल्या नियमावलीची, पण मांडणी हीच.

प्राथमिक आराखड्यात ‘इथे प्रसूतिगृह, इथे बाह्यरुग्ण विभाग’ एवढं असतं. निविदेच्या नकाशात प्रत्येक बीमची खोली, प्रत्येक नळाची पातळी, प्रत्येक दाराची रुंदी असते. मधल्या काळात एक आकडा दुसऱ्याला ओढतो, दुसरा तिसऱ्याला. ही ओढाताण कागदावर संपवायची, हेच या टप्प्याचं काम.

पहिली पायरी : वापरणाऱ्याकडून गरज लिहून घ्या

तालुका आरोग्य अधिकाऱ्याची सही असलेली खोल्यांची यादी मिळते. ती घ्या, पण तिच्यावर थांबू नका. जुन्या केंद्रात जाऊन सिस्टर, शिपाई, औषध देणारे फार्मासिस्ट यांच्याशी प्रत्येकी अर्धा तास बोला. लसींचे फ्रीज किती आणि वीज गेल्यावर त्यांना कशावर चालवता? रुग्णवाहिका कुठून वळते? नातेवाईक कुठे बसतात, कुठे स्वयंपाक करतात? आपल्याकडे बाळंतिणीसोबत घरची चार माणसं येतातच. त्यांना जागा दिली नाही तर ती व्हरांड्यात बसतात आणि स्ट्रेचरची वाट बंद होते.

एक पद्धत मी दर कामाला वापरतो. मोकळ्या पटांगणावर फक्कीने प्रसूतिगृह, त्याबाहेरची पॅसेज आणि दार खऱ्या मापाने आखतो. जुन्या केंद्रातलं स्ट्रेचर आणून दोन माणसांना ते त्या आखणीतून न्यायला सांगतो. एका ठिकाणी नकाशावर ठीक दिसणारी पॅसेज अशी आखली. सिस्टरांनी स्ट्रेचर वळवायचा प्रयत्न केला आणि मागचं चाक फक्कीच्या रेघेबाहेर गेलं. त्या म्हणाल्या, “साहेब, मी रोज हे स्ट्रेचर ओढते. इथे मला पेशंटचं डोकं भिंतीला लागेल.” पॅसेज तिथेच रुंद केली. खर्च एक पिशवी फक्की. भिंत उभी राहिल्यावर हेच कळलं असतं तर तोडफोड, जादा बाब आणि खुलासा, तिन्ही आलं असतं.

बैठकीचं इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा आणि सही घ्या. अधिकारी बदलतात. नवे आले की नवी मागणी येते, आणि आधी काय ठरलं होतं याचा कागद नसेल तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

दुसरी पायरी : जागा, आणि ही सगळ्यांत मोठी

सातबारा कोणाच्या नावावर आहे, मोजणीच्या खुणा जागेवर आहेत का, पोचरस्ता सरकारी आहे की कोणाच्या शेतातून जातो, हे आधी बघून टाका. यात अडलेल्या जागेवर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

मग पातळ्या. ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशन लावून दर पाच मीटरला पातळी घ्या. बेंचमार्क, म्हणजे बाकी सगळ्या पातळ्या जिच्यावरून मोजायच्या ती पक्की खूण, अशा ठिकाणी ठेवा की तो तीन वर्षांनीही सापडेल, जसं देवळाचा ओटा किंवा जुन्या शाळेची पायरी. खुंटी ठोकून ठेवलेला बेंचमार्क गुरं उखडतात.

पाण्याची गोष्ट मात्र यंत्र सांगत नाही. नदीकाठच्या गावांना पाटबंधारे खात्याने आखलेली निळी आणि लाल पूररेषा असते, ती मागवा. गावातल्या लहान नाल्याला अशी रेषा नसते. तिथे म्हाताऱ्या माणसांना विचारा. पांझरेच्या बाजूला एका जागेवर मी लेव्हल लावून उभा होतो. शेजारच्या बांधावरून एक आबा आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आठे पावसायामा गुडघाभर पानी ऱ्हास, साहेब.” त्यांना बाभळीवर हात ठेवून पाणी कुठवर येतं ते दाखवायला सांगितलं, तिथे खूण केली आणि तिची पातळी घेतली. जोत्याची उंची त्या खुणेवरून ठरली.

विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत खान्देशातल्या याच पांझरेच्या पात्रातून नळाचा सायफन नेण्याचं काम होतं, आणि पावसाळ्यातल्या पुराने ते अडलं होतं. या नद्या आठ महिने कोरड्या दिसतात म्हणून त्यांना हलकं घेऊ नये. जमलं तर जागा दोनदा पाहा, एकदा मे महिन्यात आणि एकदा श्रावणात.

आता माती. खान्देशात दोन गावांत दहा किलोमीटरचं अंतर असलं तरी जमीन एक नसते. साक्री, नंदुरबारकडे बेसॉल्ट वर आलेला असतो, त्यात डाइक म्हणजे उभ्या कठीण भिंती घुसलेल्या असतात, आणि एकाच इमारतीचा अर्धा पाया खडकावर तर अर्धा मुरमावर येऊ शकतो. तापीच्या खोऱ्यात यावल, रावेर, चोपड्याच्या सपाटीवर गाळाचे थर इतके जाड आहेत की खडकाची वाट बघण्यात अर्थ नाही. मधल्या पट्ट्यात काळी. उन्हाळ्यात तिच्या भेगांत बांबू टाकला तर तो हातभर आत जातो. पावसात तीच फुगून जोतं उचलते.

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे शेजारची विहीर. कडेला उभं राहून आत बघा. काळी किती, खाली पांढरी किती, मुरूम कुठून सुरू, खडक कुठे, सगळं भिंतीवर लिहिलेलं असतं. शेतकरी खोली फुटात सांगेल, लिहून घ्या. मात्र विहिरीवर भागवू नका. आयएस म्हणजे भारतीय मानक. त्यातल्या आयएस १८९२ प्रमाणे साधारण एक एकराच्या सलग जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर किंवा चाचणी खड्डा पुरतो. लहान इमारतीला मधला एकही चालतो असं त्यात म्हटलं आहे, पण आपल्या जमिनीत मी तीनपेक्षा कमी कधीच घेत नाही.

काळी मातीच असेल तर फुगण्याची चाचणी करून घ्या. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये, दोन १०० मिलिच्या नळ्यांत, २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली १९ मिलिवर आणि रॉकेलमधली ११ वर थांबली तर फरक ८, म्हणजे रॉकेलमधल्या ११ च्या मानाने फुगवटा जवळपास ७३ टक्के. हा आकडा ५०च्या वर गेला की पाया मुरमापर्यंत नेणं किंवा तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घेणं, यातलं एक संकल्पनात यायलाच हवं. फरशीखालची काळी काढून मुरूम भरणं आणि इमारतीभोवती पाणी मुरू न देणारी पट्टी करणं ही कामंही अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून घाला. ‘ठेकेदार करून घेईल’ म्हणून सोडलं तर तो करत नाही, आणि त्याला ते फुकट सांगणं बरोबरही नाही.

तिसरी पायरी : संकल्पनाचा आधार दोन पानांत

स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशोबाला बसण्याआधी दोन पानांचं टिपण द्यावं आणि त्यावर उपअभियंत्याने सही करावी. जमिनीची धारणक्षमता किती धरली आणि कोणत्या अहवालावरून, काँक्रीट एम-२५ की आणखी वरचं, सळई कोणती, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर किती, वरती मजला पुढे वाढणार आहे की नाही, आणि कोणत्या संहितेची कोणती आवृत्ती, हे सगळं त्यात हवं. भूकंपासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तापी खोऱ्याचा मोठा पट्टा झोन तीनमध्ये येतो, म्हणजे झोनचा गुणांक ०.१६. रुग्णालय आणि शाळेला महत्त्व गुणांक १.५ आहे, म्हणजे भूकंपाचं बळ हिशोबात दीडपट धरायचं. घराच्या हिशोबाची फाइल उघडून त्यात आरोग्य केंद्र बसवलं की हाच १.५ विसरला जातो. मी हे तीन ठिकाणी पकडलं आहे.

गच्चीचं ओझंही याच वेळी सांगा. जळगाव, भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. उष्णता अडवायला वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकायचाच असतो. १०० मिमी जाडीचा कोबा म्हणजे दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. तो स्लॅबच्या हिशोबात आधी धरलेला बरा. शाळेसारखी लांब इमारत ४५ मीटरच्या पुढे गेली तर आयएस ४५६ प्रमाणे प्रसरण सांधा द्यायचा. तो कुठल्या खोल्यांच्या मधून जाणार हे आर्किटेक्टला कळवा, नाहीतर तो नेमका शौचालयातून निघतो.

चौथी पायरी : एका आकड्याने दुसरा ओढू द्या

आबांनी दाखवलेल्या खुणेवरून जोतं जमिनीपासून ७५ सेंटिमीटर ठरलं. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे रॅम्प ९ मीटर लांब आणि दोन्ही टोकांना सपाट जागा. हा रॅम्प प्राथमिक आराखड्यात तीन मीटरचा दाखवला होता. नऊ मीटर काढला तर तो पोर्चमध्ये घुसतो आणि रुग्णवाहिका वळत नाही. म्हणून पोर्च सरकला, मग दर्शनी बाजूचे दोन कॉलम सरकले, मग पाया सरकला. कागदावर हे दोन दिवसांचं काम. जागेवर हेच निघालं असतं तर रॅम्प उभा चढाचा झाला असता. तसे रॅम्प तुम्हीही पाहिले असतील, त्यांवरून कोणी चाकाची खुर्ची नेत नाही.

सांडपाण्याचंही तसंच. १५० मिमीचा नळ १:१०० उताराने ४० मीटर नेला तर तो ४० सेंटिमीटर खाली जातो. पहिल्या चेंबरची ४५ धरली तर सेप्टिक टँकच्या तोंडाशी ८५ सेंटिमीटर खोली झाली, टँक त्याच्याही खाली. त्यापुढे शोषखड्डा. काळ्या जमिनीत शोषखड्डा चालत नाही, पाणी मुरतच नाही, दुसऱ्या पावसाळ्यात तो उलटा भरतो. खड्डा मुरमापर्यंत न्या, नाहीतर झाडांच्या वाफ्यात पाणी जिरवायची व्यवस्था आखा, आणि तिची जागा प्लॉटवर आत्ताच राखून ठेवा.

यासाठी सगळे नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचे. संगणकावर थर चढवा किंवा ट्रेसिंग पेपर खिडकीच्या काचेवर धरा. आर्किटेक्टचा, स्ट्रक्चरचा, नळाचा आणि विजेचा असे चारही एकत्र. शौचालयाचा ११० मिमीचा नळ बीममधून जातोय का, पंख्याचा हूक बीमखाली येतोय का, विजेचा मुख्य बोर्ड ओल्या भिंतीवर आहे का, हे अशा वेळी डोळ्यांना दिसतं. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि इलेक्ट्रिकल विभागाचे भाऊ एकाच टेबलावर बसलेच पाहिजेत. व्हॉट्सअॅपवर नकाशे फिरवून हे होत नाही. महावितरणकडे भाराचा अर्जही याच काळात द्या. ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर ते इमारत झाल्यावर कळून उपयोग नाही.

पाचवी पायरी : पैशांचा ताळा, तीन वेळा

जमीन कळल्यावर एकदा, चारही नकाशे जुळल्यावर एकदा आणि निविदेआधी एकदा, असा अंदाजपत्रकाचा ताळा प्रशासकीय मान्यतेच्या रकमेशी घ्यायचा. रक्कम दहा टक्क्यांहून पुढे जाते असं दिसलं तर सुधारित मान्यतेचा प्रस्ताव लगेच पाठवा, किंवा काय कमी करायचं ते वापरणाऱ्या खात्यासोबत बसून ठरवा. कुंपण आणि रंग कमी करता येतो. पाया, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि सांडपाणी यांना हात लावू नका.

परिमाणं नकाशावरून काढा, मागच्या कामाच्या अंदाजपत्रकावरून उतरवू नका. दरसूचीतले दर घेताना वाहतुकीचा तक्ता आजच्या परिस्थितीचा हवा. वाळू गिरणेची मिळणार की क्रश सँड वापरायची, खडी किती किलोमीटरवरून येणार, हे फोन करून विचारा. रावेरच्या गाळपट्ट्यातल्या कामाला धुळ्याच्या खाणीजवळच्या कामाचं वाहतूक अंतर लावलं तर कोणताही प्रामाणिक ठेकेदार तो दर भरू शकत नाही. मग जो भरतो त्याचं काम कसं होतं हे तुम्हाला माहीत आहे.

सहावी पायरी : तपासणी आणि नकाशे गोठवणं

स्वतःचं संकल्पन स्वतः तपासू नये. मोठं किंवा अवघड काम असेल तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेकडून संकल्पनाची तपासणी करून घ्या. लहान कामाला निदान दुसऱ्या उपविभागातल्या अनुभवी अभियंत्याला दोन दिवस द्या.

त्यानंतर नकाशांवर तारीख आणि आवृत्ती घाला, आर-०, आर-१ अशी, आणि एक बदल-नोंदवही उघडा. बदल कोणी मागितला, का, पैशांत आणि दिवसांत काय फरक पडणार, कोणाची सही, एवढे चार रकाने. साहेबांनी फोनवर सांगितलेला बदलही त्यात लिहून सहीला पाठवायचा. पहिल्यांदा लोकांना राग येतो, नंतर सवय होते. तांत्रिक मान्यता ज्या आवृत्तीवर झाली तीच निविदेला जोडा. मान्यता एका संचावर आणि निविदा दुसऱ्यावर, हा घोळ मी एकदा लेखापरीक्षणात निस्तरला आहे आणि त्यात तीन महिने गेले.

संकल्पन ठेकेदाराकडे असेल तर

ईपीसी (संकल्पन, खरेदी आणि बांधकाम तिन्ही ठेकेदाराकडे) किंवा एकरकमी करारात हा टप्पा कार्यारंभ आदेशानंतर येतो आणि ठेकेदाराचा इंजिनिअर तो करतो. तेव्हा तुमचं सगळं बळ गरजांच्या दस्तऐवजात असतं. ‘चांगल्या प्रतीचं वॉटरप्रूफिंग’ असं लिहिलं तर काहीही मिळेल. किती वर्षांची हमी, कोणती पद्धत, पाणी भरून किती दिवस चाचणी, हे लिहा. मातीचा अहवाल निविदेसोबत द्या. नकाशे तपासून शेरे देण्याची मुदत करारात असते, ती पाळा, कारण विभागाने उशीर केला की मुदतवाढीचा हक्क ठेकेदाराकडे जातो. आणि शेरा लिहिताना स्वतः संकल्पन करून देऊ नका. ‘बीम ४५० ऐवजी ६०० करा’ असं लिहिलं की त्या बीमची जबाबदारी अर्धी तुमची होते. ‘या बीमचं वाकणं मर्यादेत असल्याचा हिशोब सादर करा’ असं लिहा.

कार्यारंभ आदेशानंतरचा पहिला आठवडा

जागा ताब्यात देताना ठेकेदार, त्याचा सुपरवायझर आणि तुमचा शाखा अभियंता यांना घेऊन बेंचमार्क दाखवा आणि त्याची पातळी तिघांनी एकत्र वाचा. मग सगळे खड्डे सुरू करण्याआधी तीनच घ्या, जिथे चाचणीचे खड्डे घेतले होते त्यांच्या जवळ. मुरूम अहवालात लिहिलेल्या खोलीला लागला का ते टेपने मोजा, टेप खड्ड्यात दिसेल असा फोटो घ्या, तारीख घालून तिघांच्या सह्या घ्या आणि मगच आखणीवर पुढची फक्की टाका. प्रत्येक थराची मूठभर माती पिशवीत घालून, वर खोली लिहून, साइट ऑफिसच्या कपाटात ठेवा. पायाचं बिल निघेपर्यंत ती टाकायची नाही.